चंद्र-मंगळावरील गुहांचा शोध : अनुमान, कल्पना आणि भाषा यांची समीक्षा

प्रास्ताविक

पृथ्वीबाहेरील भूमीच्या पोटात गुहा आहेत काय, हा प्रश्न गेल्या दोन दशकांत ग्रहविज्ञानाच्या चर्चेत ठळकपणे पुढे आला आहे. २००७ मध्ये मंगळावरील आर्सिया मॉन्स या ज्वालामुखीच्या उतारावर सात काळेभोर खड्डे आढळल्याची नोंद प्रसिद्ध झाली. २००९ मध्ये जपानच्या 'कागुया' यानाने घेतलेल्या छायाचित्रांत चंद्राच्या मारियस टेकड्यांच्या प्रदेशातील एक खोल खड्डा अभ्यासकांनी दाखवून दिला. २०११ मध्ये 'चांद्रयान-१'च्या छायाचित्रांवरून अहमदाबाद येथील अवकाश उपयोग केंद्राच्या संशोधकांनी चंद्रभूमीखालील एका लाव्हा नलिकेचे प्रतिपादन केले. २०२४ मध्ये इटलीतील त्रेन्तो विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील गटाने शांतिसागरातील खड्ड्याच्या तळाशी पोकळ मार्ग असल्याचा रडार-पुरावा मांडला. या चारही घटना सर्वसामान्य बोलण्यात 'गुहा सापडली' या एकाच वाक्यात सामावल्या जातात. प्रत्यक्षात चंद्रावरील वा मंगळावरील एकाही गुहेत आजवर मनुष्य उतरलेला नाही, यंत्रही उतरलेले नाही. डोळ्यांना दिसतो तो खड्डा. गुहा हे त्यावरून काढलेले अनुमान होय.

दिसलेले आणि अनुमानलेले यांतील हे अंतर भाषा कशी सांभाळते आणि कोठे हरवते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी दोन प्रकारच्या संहितांचा विचार येथे केला आहे. एक, योहानेस केप्लर आणि एच. जी. वेल्स यांच्या चंद्रविषयक कथा. दुसरी, २००७ ते २०२४ या काळातील निवडक शोधनिबंधांची शीर्षके. ललित आणि वैज्ञानिक अशा दोन्ही लेखनांकडे संहिता म्हणून पाहिल्यास एक समान प्रवृत्ती हाती लागते. गुहेचे अस्तित्व सिद्ध होण्याआधीच तिच्यात कोणीतरी राहायला गेलेले असते.

अनुमानाची चौकट

भारतीय न्यायपरंपरेतील अनुमानविचार या विषयाला विलक्षण चपखल लागू पडतो. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्राचे सर्वपरिचित उदाहरण. येथे धूर हा हेतू आणि अग्नी हे साध्य. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, या नित्य संबंधाला व्याप्ती म्हणतात. व्याप्ती मोडली, म्हणजे साध्य नसतानाही हेतू आढळला, की तो हेतू सव्यभिचार ठरतो आणि अनुमान कोसळते.

गुहांच्या शोधात खड्डा हा हेतू आहे आणि गुहा हे साध्य. हा संबंध निराधार नाही. लाव्हारसाचा प्रवाह वाहत असताना त्याचा वरचा थर आधी थिजतो. आतील रस वाहतच राहतो आणि उगमाकडील पुरवठा आटल्यावर पुढे निघून जातो. मागे उरते ती लांबट पोकळी. तिच्या छताचा एखादा भाग खचला, तर वरून खड्डा दिसतो आणि तोच आतल्या पोकळीचा झरोका ठरतो. हवाई बेटावरील काझुमुरा ही अशी लाव्हा नलिका ६५ किलोमीटरहून अधिक लांबीपर्यंत मोजली गेली आहे. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश असल्याने तेथे याहून कितीतरी रुंद पोकळ्यांची छते टिकू शकतील, असे मानले जाते.

मात्र व्याप्तीचा प्रश्न येथेच उभा राहतो. 'लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर' या अमेरिकी यानाच्या छायाचित्रांतून चंद्रावर २०० हून अधिक खड्डे नोंदवले गेले आहेत. त्यांतील बहुसंख्य खड्डे लाव्हाच्या सपाट प्रदेशात नाहीत. ते उल्कापाताच्या आघाताने वितळून पुन्हा थिजलेल्या खडकात आहेत. त्यांच्याखाली लाव्हा नलिका असण्याचे कारण नाही. म्हणजे खड्डा दिसला की खाली नलिका असलीच पाहिजे, हा नियम चंद्राच्या बाबतीत सरसकट लागू होत नाही. प्रत्येक खड्ड्यासाठी स्वतंत्र पुरावा लागतो.

केप्लर : आश्रय म्हणून गुहा

चंद्रावरील गुहांची कल्पना दुर्बिणीच्या जवळपास समवयस्क आहे. केप्लरच्या 'सोम्नियम' या ग्रंथाचा गाभा १६०९ च्या सुमारास तयार झाला. त्याला विस्तृत टिपांची जोड देण्याचे काम त्याने पुढील काळात केले आणि त्याच्या मृत्यूनंतर १६३४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका स्वप्नाच्या चौकटीत केप्लर चंद्राचे, म्हणजे त्याच्या 'लेव्हानिया'चे, वर्णन करतो. तेथील दिवस आणि रात्र प्रत्येकी सुमारे पृथ्वीवरील पंधरवड्याएवढी असते, ही वस्तुस्थिती तो गणिताने जाणतो. इतक्या दीर्घ उन्हात आणि इतक्या दीर्घ काळोखात सजीव तगतील कसे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. चंद्रभूमी सच्छिद्र आहे, पोकळ्यांनी आणि गुहांनी भरलेली आहे आणि त्याच तेथील जीवांचे उष्णतेपासून व थंडीपासून संरक्षण करतात, हे त्याचे उत्तर.

या उत्तराची तर्करचना लक्षात घेण्यासारखी आहे. केप्लरने खड्डा पाहून गुहा अनुमानलेली नाही. सजीव आहेत असे गृहीत धरले, सजीवांना आश्रय लागतो, म्हणून गुहा असल्या पाहिजेत, असा तो क्रम आहे. रहिवासी आधी आणि घर नंतर. केप्लरने मात्र ही मांडणी स्वप्न म्हणूनच केली. टिपांमध्ये तो गणित कोठे संपते आणि कल्पना कोठे सुरू होते याचा हिशेब देत राहतो. या संहितेच्या हस्तलिखिताचा केप्लरच्या आयुष्याशी दुःखद संबंधही आहे. कथेतील नायकाची आई मंत्रतंत्र जाणणारी दाखवली आहे आणि केप्लरची आई काथारिना हिच्यावर १६१५ मध्ये चेटकीण असल्याचा आरोप झाला. तिला तुरुंगवास भोगावा लागला. १६२१ मध्ये तिची सुटका झाली. आपल्या हस्तलिखिताच्या चर्चेने या आरोपाला खतपाणी घातले, अशी खंत केप्लरला होती. कल्पनेला वस्तुस्थिती समजून वाचले की काय घडते, याचा इतका जवळचा अनुभव फार थोड्या वैज्ञानिकांच्या वाट्याला आला असेल.

वेल्स : सत्ता म्हणून गुहा

वेल्सची 'द फर्स्ट मेन इन द मून' ही कादंबरी १९०१ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यातील केव्हर हा शास्त्रज्ञ चंद्रावर पोहोचल्यावर केप्लरची आठवण काढतो, ही बाब दोन्ही संहितांचे नाते स्पष्ट करणारी आहे. येथे चंद्राचे अंतरंग गुहांनी पोखरलेले असून त्यांत सेलेनाइट नावाचे कीटकसदृश जीव राहतात. केप्लरच्या गुहेत हवामानापासून बचाव होता. वेल्सच्या गुहेत संपूर्ण समाजव्यवस्था आहे. प्रत्येक सेलेनाइटाचे शरीर त्याच्या नेमून दिलेल्या कामासाठी बालपणापासून घडवले जाते आणि सर्वांच्या वर ग्रँड लूनर हा अवाढव्य मेंदूचा सत्ताधीश असतो.

कादंबरीचा निवेदक बेडफर्ड हा कर्जबाजारी व्यावसायिक आहे. चंद्राच्या पोटात त्याला सोने दिसते आणि ते घेऊनच तो परततो. मागे राहिलेला केव्हर बिनतारी संदेशांतून तेथील व्यवस्थेचे वर्णन पाठवत राहतो. पण पृथ्वीवरील युद्धांची हकीकत त्याने ग्रँड लूनरला सांगितल्यानंतर ते संदेश थांबतात. साम्राज्यविस्ताराच्या ऐन भरात लिहिलेल्या या कादंबरीत गुहा ही परक्याची वस्ती आहे आणि तिच्यात शिरणारा एक जण सोने पाहतो, तर दुसरा ज्ञान. वेल्सचे खरे सामर्थ्य येथे आहे. अज्ञात पोकळीत माणूस आपलाच हेतू घेऊन उतरतो, हे तो दाखवून देतो. वैज्ञानिक तपशिलांत ही कादंबरी कालबाह्य झाली असली, तरी तिची ही अंतर्दृष्टी कालबाह्य झालेली नाही.

शोधनिबंधांची शीर्षके : एक वाचन

वैज्ञानिक निबंधाचे शीर्षक म्हणजे त्यातील दाव्याचे सर्वांत आटीव रूप. निबंध थोडे वाचतात. शीर्षक सर्वत्र पोहोचते. त्यामुळे शीर्षकातील एकेका शब्दाला महत्त्व येते.

२००७ मध्ये मंगळावरील खड्ड्यांविषयी आणि २००९ मध्ये मारियस टेकड्यांतील खड्ड्याविषयी प्रसिद्ध झालेल्या दोन्ही निबंधांच्या शीर्षकांत 'शक्य' या अर्थाचा शब्द आहे. हे झरोके असू शकतात, एवढेच त्यांचे म्हणणे. २०११ मधील 'करंट सायन्स'मधील भारतीय निबंधाचे शीर्षक वेगळ्या दिशेने जाते. चंद्रावरील भावी मानवी वास्तव्यासाठी संभाव्य जागेचा शोध, असा त्याचा आशय आहे. येथे 'संभाव्य' हे विशेषण गुहेच्या अस्तित्वाला लागलेले नाही, जागेच्या उपयोगाला लागले आहे. शीर्षकात नलिका नाही, निवासी आहे. प्रत्यक्षात सुमारे १.७ किलोमीटर लांबीची ही नलिका दोन घळींच्या दरम्यानच्या न खचलेल्या भागावरून ताडलेली होती. निरीक्षण कौशल्यपूर्ण होते, त्रिमितीय छायाचित्रांचा वापर नेमका होता. परंतु शीर्षकाने वाचकाला अनुमानाच्या पलीकडे नेऊन थेट वस्तीच्या दारात उभे केले. केप्लरचा क्रम येथे पुन्हा दिसतो : रहिवासी आधी, घर नंतर.

२०१२ मधील एका निबंधाच्या शीर्षकात चंद्रभूमीखालील पोकळ्यांची 'पुष्टी' झाल्याचे म्हटले आहे. तिरप्या कोनातून घेतलेल्या छायाचित्रांत शांतिसागरातील खड्ड्याचा तळ छताखाली सुमारे २० मीटरपर्यंत आत गेलेला दिसला, हा या पुष्टीचा आधार. म्हणजे पुष्टी झाली ती छताखालील जागेची. ती जागा पुढे लांबच लांब नलिकेत उघडते की थोड्याच अंतरावर संपते, हे त्या छायाचित्रांतून कळत नव्हते. २०१७ मध्ये 'कागुया'च्या रडार-नोंदींवरून मारियस टेकड्यांखालील अभंग नलिका 'आढळल्या'चे प्रतिपादन झाले; त्याला चंद्राच्या गुरुत्वीय मोजणीतील वस्तुमानाच्या तुटीचा आधार देण्यात आला. अखेरीस २०२४ मधील 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी'तील निबंधाने 'रडार-पुरावा' हा शब्द निवडला. २०१० मध्ये नोंदवलेल्या रडार-प्रतिध्वनींचे नव्या पद्धतीने पृथक्करण करून, त्यांची संगणकीय प्रतिकृतींशी तुलना करून सुमारे १३० ते १७० मीटर खोलीवर काही दशक मीटर लांबीचा मार्ग असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला.

शक्य, संभाव्य, पुष्टी, आढळ, पुरावा असा हा शब्दक्रम आहे. त्यात निश्चितीचा आलेख सरळ चढत जात नाही. सर्वाधिक साधने हाताशी असलेल्या सर्वांत अलीकडील निबंधाने 'पुरावा' हा तुलनेने संयत शब्द वापरला आहे. तथापि त्याच शीर्षकात तो मार्ग 'प्रवेशयोग्य' असल्याचेही सूचित केलेले आहे. पुराव्याबाबत सावध असलेली भाषा प्रवेशाबाबत मात्र आतुर झालेली दिसते.

शीर्षके ही संकेतबद्ध असतात, त्यांवरून निबंधाचे मूल्यमापन करणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अंशतः मान्य करावा लागतो. या निबंधांच्या अंतरंगात मर्यादांची चर्चा असते. परंतु संकेत हाही भाषेचाच व्यवहार असतो. एखाद्या शास्त्रात 'शक्य' म्हणण्याचा संकेत क्षीण होऊन 'वास्तव्ययोग्य' म्हणण्याचा संकेत बळावत असेल, तर ते समीक्षेने नोंदवलेच पाहिजे.

सात बहिणींचा धडा

अनुमान कसे डळमळते याचे सर्वांत बोलके उदाहरण मंगळावर मिळते. आर्सिया मॉन्सवरील सात खड्ड्यांचा व्यास सुमारे १०० ते २५० मीटर असल्याचे 'थेमिस' या उपकरणाच्या नोंदींतून दिसले. अवरक्त किरणांच्या मोजणीत ते भोवतालच्या भूमीपेक्षा दिवसा थंड आणि रात्री उबदार आढळले. खोल पोकळीचे तापमान संथ असते, हे लक्षात घेता हा हेतू केवळ काळ्या ठिपक्याहून बळकट होता. या खड्ड्यांना स्त्रियांची नावे देऊन 'सात बहिणी' म्हटले गेले. खोल पाण्याशी साती आसरांचा वास जोडणाऱ्या मराठी लोकमनाला या नामकरणाची गंमत वाटावी : अथांग जागेला सात बहिणींच्या हवाली करण्याची वृत्ती दूरदेशीही आढळते.

यांपैकी एका खड्ड्याचे छायाचित्र 'हायराइज' या शक्तिशाली कॅमेऱ्याने २००७ च्या मे महिन्यात घेतले. तळ दिसला नाही, भिंत दिसली नाही. दिसला तो निव्वळ काळोख. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सूर्य वेगळ्या कोनात असताना पुन्हा छायाचित्र घेतले गेले. या वेळी खड्ड्याची पूर्वेकडील भिंत उजळून निघाली. ती जवळजवळ उभी होती. छताखाली आत गेलेली पोकळी तेथे दिसली नाही. खड्डा किमान १७८ मीटर खोल असल्याचे सावलीवरून काढता आले. म्हणजे जी गुहेचा झरोका वाटत होती ती निदान त्या बाजूने तरी विहिरीसारखी सरळ खाली गेलेली जागा होती.

पहिल्या छायाचित्रातील काळोख हा पोकळीचा पुरावा नव्हता. सूर्यकिरण तेथे पोहोचत नव्हते, एवढेच तो सांगत होता. यंत्र तेच, खड्डा तोच. बदलला तो प्रकाशाचा कोन. निष्कर्षाला घाई न करता दुसऱ्यांदा पाहण्याची तयारी ठेवली गेली, हे या प्रकरणातील विज्ञानाचे खरे वैभव होय. पहिल्या छायाचित्राची प्रसिद्धी मोठी झाली. दुसऱ्याने जो धडा दिला, तो तितकाच महत्त्वाचा आहे.

वस्तीची भाषा आणि तिचे परिणाम

गुहेला वस्ती मानण्याची ओढ समजण्यासारखी आहे. चंद्रपृष्ठावर दिवसा तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि रात्री शून्याखाली १५० अंशांहून खाली उतरते. शांतिसागरातील खड्ड्याच्या कायम सावलीतील भागाचे तापमान मात्र सुमारे १७ अंशांच्या आसपास स्थिर राहत असावे, असा निष्कर्ष २०२२ मध्ये तापमापन आणि संगणकीय प्रतिकृती यांच्या आधारे काढण्यात आला. वैश्विक किरण आणि सूक्ष्म उल्का यांपासूनही भूगर्भात संरक्षण मिळेल. केप्लरने चारशे वर्षांपूर्वी केलेला तर्क येथे मोजमापाच्या भाषेत परत येतो.

परंतु 'वस्ती' हा शब्द मालकीची चाहूल घेऊन येतो. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार चंद्रावर कोणत्याही राष्ट्राला सार्वभौमत्वाचा दावा करता येत नाही. भारताने या करारास १९८२ मध्ये मान्यता दिली. २०२० मध्ये मांडलेल्या आर्टेमिस समझोत्यांत कार्यस्थळांभोवती सुरक्षा क्षेत्रे आखण्याची तरतूद आहे. भारताने त्यांवर जून २०२३ मध्ये स्वाक्षरी केली. आत उतरता येतील अशा मोजक्याच जागा असतील, तर अशा जागेभोवतीचे सुरक्षा क्षेत्र आणि ताबा यांतील सीमारेषा किती पुसट होईल, हा प्रश्न अनुत्तरित आहे. बेडफर्डचे सोने आणि आजची 'प्रवेशयोग्य' जागा यांत फार मोठे अंतर नाही.

मंगळाच्या बाबतीत ही भाषा अधिकच जपून वापरावी लागते. भूगर्भातील पोकळी माणसाला जशी आश्रय देईल, तशीच ती तेथील सूक्ष्मजीवांनाही, ते असतील किंवा कधी काळी असतील तर, देत असेल. त्यामुळे ग्रहसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय धोरणात अशा जागांविषयी विशेष सावधगिरीची अपेक्षा आहे. जेथे राहायचे आहे तेथेच आधी कोणी राहत होते काय हे शोधायचे आहे. आणि राहायला जाण्याने तो शोधच दूषित होण्याचा धोका आहे. 'वस्ती' हा शब्द आधी उच्चारला की हा पेच झाकला जातो.

मराठी परिभाषेचा प्रश्न

या चर्चेचा मराठीशी थेट संबंध पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत येतो. मराठीत 'विवर' हा शब्द उल्कापाताने झालेल्या खळग्यासाठी रूढ आहे. लोणारचे विवर सर्वांना परिचित आहे. 'कृष्णविवर' या संज्ञेत तोच शब्द सर्वस्वी वेगळ्या वस्तूसाठी येतो. चंद्रावरील खोल खड्ड्यालाही 'विवर' म्हटले, तर आघाताने झालेला उथळ खळगा आणि छत खचून झालेला खोल खड्डा यांत फरक उरत नाही. दुसरीकडे 'गुहा' म्हटले, तर अनुमान वस्तुस्थिती होऊन बसते. बेसॉल्टच्या कड्यांत लेणी कोरणाऱ्या प्रदेशातील भाषेने मानवनिर्मित 'लेणे' आणि निसर्गनिर्मित 'गुहा' यांत स्पष्ट भेद राखला आहे. तोच काटेकोरपणा येथेही अपेक्षित आहे. वरून दिसणाऱ्या जागेसाठी 'खड्डा', खालील पोकळीत उघडतो असे दिसून आल्यास 'झरोका', अप्रत्यक्ष मोजणीवरून ताडलेल्या जागेसाठी 'पोकळी' आणि आत प्रवेश होऊन तपासणी झालेल्या जागेसाठीच 'गुहा', असा चतुर्विध वापर अध्यापनात सहज रुळू शकेल.

व्युत्पत्तीही या भेदाला साक्ष देते. 'गुहा' हा शब्द 'गुह्' म्हणजे लपवणे या धातूपासून आला. 'गुह्य' त्याच कुळातला. 'विवर' हा शब्द उघडणे या अर्थाच्या 'वि' आणि 'वृ' यांपासून साधला आणि 'विवरण' त्याचे भावंड. जे उघडे पडले ते विवर. जे दडून राहिले ती गुहा. दिसलेले आणि अनुमानलेले यांतील सीमा भाषेने आपल्या पोटात अशी जपून ठेवली आहे.

निष्कर्ष

१. चंद्र व मंगळावरील गुहांचा शोध हा मूलतः अनुमानाचा व्यवहार आहे. खड्डा आणि गुहा यांत व्याप्ती सिद्ध नसल्याने प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र पुरावा आवश्यक ठरतो.

२. केप्लरची कथा आणि आधुनिक निबंधांची काही शीर्षके यांत रहिवाशाकडून घराकडे जाणारा समान तर्कक्रम आढळतो. केप्लरने त्याला स्वप्न म्हटले. आजच्या भाषेत ती कबुली पुष्कळदा गळून जाते.

३. वेल्सच्या कादंबरीने दाखवलेला सत्तेचा आणि संपत्तीचा प्रश्न आजच्या करारांच्या संदर्भात प्रस्तुत ठरतो.

४. आर्सिया मॉन्सवरील खड्ड्याच्या दोन छायाचित्रांनी पुनर्निरीक्षणाचे मोल सिद्ध केले आहे.

५. मराठी अध्यापनात खड्डा, झरोका, पोकळी आणि गुहा या संज्ञांचा भेद पाळणे इष्ट आहे.

एखादे यंत्र उद्या शांतिसागरातील त्या खड्ड्यात उतरेल आणि दिव्याच्या उजेडात पुढचा मार्ग पाहील. त्या दिवशी 'गुहा' हा शब्द त्या जागेचा हक्काचा होईल. तोपर्यंत विज्ञानाच्या वाचकाने, अध्यापकाने आणि विद्यार्थ्याने तो जपून वापरावा. अज्ञाताला अज्ञात म्हणण्याचे धैर्य हा शोधाचाच एक भाग आहे.